थायोरेडॉक्सिन रिडक्टेज मोजायचं किट: परजीवींवर वापरणार असाल तर आधी हे वाचा

थायोरेडॉक्सिन रिडक्टेज म्हणजे पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणाऱ्या व्यवस्थेतलं एक एन्झाइम. ते मोजायच्या या किटचं रेटिंग विचाराल तर ५ पैकी ३. उंदराच्या लिव्हरवर नाहीतर माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्यांनी खुशाल ५ द्यावेत, माझी काही हरकत नाही. पण आमचं काम परजीवींवर, मुख्यतः लिशमॅनिया (काळ्या आजाराचा एकपेशीय परजीवी) आणि थोडंफार शिस्टोसोमा (एक चपटा कृमी), आणि तिथे या किटने आम्हाला तीन आठवडे भलत्याच वाटेला लावलं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच, या प्रकारची बहुतेक किट्स एकाच तत्त्वावर चालतात.

आधी जे चांगलं आहे ते. बॉक्समध्ये असेचा (म्हणजे एन्झाइम मोजायच्या चाचणीचा) बफर, डीटीएनबी (रंग देणारं रसायन), एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू), पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून उंदराच्या लिव्हरमधलं एन्झाइम आणि सोन्याचं एक संयुग इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारं, म्हणून येतं. सगळं नीट पॅक केलेलं, लेबलं स्वच्छ, एनएडीपीएच छोट्या छोट्या कुप्यांत वेगळं दिलंय त्यामुळे एकच बाटली सारखी गार-गरम करावी लागत नाही, हे खरंच कुणीतरी विचार करून केलंय. तत्त्व सोपं आहे, एन्झाइम एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि डीटीएनबीला देतं, डीटीएनबी तुटून टीएनबी होतं आणि ते पिवळंधमक दिसतं, ते ४१२ नॅनोमीटरला मोजायचं. एका एनएडीपीएचमागे टीएनबीचे दोन रेणू मिळतात आणि त्यांचा रंगही गडद, त्यामुळे ३४० ला एनएडीपीएच कमी होताना मोजण्यापेक्षा ही पद्धत साधारण साडेचार पट संवेदनशील पडते. थोडंसं सॅम्पल असेल तर याचा फार उपयोग होतो, आणि परजीवींचं सॅम्पल नेहमीच थोडं असतं.

पॉझिटिव्ह कंट्रोल पहिल्याच दिवशी छान चालला. एकदम सरळ रेष, तिन्ही वेल (प्लेटमधले छोटे खड्डे) एकमेकांशी जुळलेले. एक सांभाळा, पिपेट करताना शेवटचा थेंब फुंकून काढू नका, बुडबुडा राहिला की तो वेल वाचता येत नाही आणि पुन्हा सगळं करावं लागतं.

आता खरी गोष्ट. आम्ही लिशमॅनियाचे प्रोमॅस्टिगोट (परजीवीचं शेपटीवालं रूप) वाढवले, धुतले, तीन वेळा गोठवून-वितळवून फोडले, सेंट्रिफ्यूज केलं आणि वरचं पाणी सरळ किटमध्ये टाकलं. माहितीपत्रकात लिहिलंय की कुठल्याही टिश्यू किंवा सेल लायसेटवर, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रावावर, चालतं. आणि चाललं की! पिवळा रंग चढायला लागला, इनहिबिटर टाकलेल्या वेलमध्ये कमी चढला, दोन्हींची वजाबाकी केली आणि लिशमॅनियाची थायोरेडॉक्सिन रिडक्टेज ॲक्टिव्हिटी म्हणून आकडा मिळाला. माझ्याबरोबर काम करणारी ज्युनियर मुलगी इतकी खूश झाली की तिने त्याच दिवशी आमच्याकडची सगळी संयुगं या असेवर तपासायला सुरुवात केली. मीही अडवलं नाही, ही माझी चूक.

कारण लिशमॅनियात थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नसतंच. ग्लुटाथायोन (आपल्या पेशींतला छोटा अँटिऑक्सिडंट रेणू) सांभाळणारं ग्लुटाथायोन रिडक्टेजही नसतं. लिशमॅनिया आणि ट्रायपॅनोसोमा (झोपेच्या आजाराचा परजीवी) या कुळातल्या परजीवींनी या दोन्हींच्या जागी वेगळीच व्यवस्था बसवलीय, ट्रायपॅनोथायोन. ग्लुटाथायोनचे दोन रेणू स्पर्मिडिनच्या एका साखळीने जोडलेले, हा पदार्थ १९८५ मध्ये ॲलन फेअरलॅम्ब आणि अँथनी सेरामी यांच्या गटाने ओळखला. त्याला रिड्यूस्ड, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला तयार, अवस्थेत ठेवायचं काम ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज करतं आणि पेशीचा सगळा अँटिऑक्सिडंट कारभार त्या एकाच एन्झाइमच्या जिवावर चालतो. हे मला वाचून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण समोर पिवळा रंग चढताना दिसला की डोकं ते बाजूला ठेवतं.

मग तो रंग आला कुठून? हे शोधायला आम्ही जे केलं ते तुम्हीही करा, फार साधं आहे. तोच लायसेट एका छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून काढला, म्हणजे प्रोटीन राहतात आणि बारीक रेणू मागे अडकतात. नंतर तेच किट, तीच प्लेट, तोच वेळ. रंग जवळजवळ चढेचना, वेल पाण्यासारखे, अगदी नावापुरती चढ. मग त्यात किंचित ट्रायपॅनोथायोन डायसल्फाइड (ट्रायपॅनोथायोनचं ऑक्सिडाइज झालेलं रूप) टाकलं, अगदी मायक्रोमोलर मात्रेत, आणि मी प्लेट रीडरच्या स्क्रीनसमोर उभीच होते, पाच मिनिटांत रेष पुन्हा वर. शेजारच्या रांगेत त्याऐवजी साधं ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन टाकलं होतं, तिथे काहीच नाही, रांग तशीच फिकट. एका बाजूला पिवळ्या वेलची ओळ आणि तिला चिकटून पांढरी ओळ, तो फोटो मी अजून ठेवलाय.

म्हणजे झालं होतं असं की लायसेटमध्ये परजीवीचं स्वतःचं थोडं ट्रायपॅनोथायोन होतं, ते डीटीएनबीला तोडत होतं, तोडताना स्वतः ऑक्सिडाइज होत होतं आणि ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज किटमधल्या एनएडीपीएचवर त्याला परत रिड्यूस करत होतं, चक्र फिरत राहिलं. एन्झाइमची ॲक्टिव्हिटी खरी होती, फक्त नाव चुकीचं होतं. आणि सोन्याचा इनहिबिटर? सोनं काही थायोरेडॉक्सिन रिडक्टेजचं नाव वाचून चिकटत नाही, जिथे तयारीत बसलेला सिस्टीन (प्रोटीनमधलं गंधकवालं अमिनो आम्ल) दिसेल तिथे बसतं, त्यामुळे इनहिबिटरने रंग कमी झाला म्हणजे तेच एन्झाइम ही जी किटची समजूत आहे ती परजीवींच्या बाबतीत चालत नाही. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. दोन गुण मी इथेच कापलेत.

आता कुणी म्हणेल नावात काय आहे, आकडा तर मिळतोय ना. तर नाही. औषध शोधायचं असेल तर सगळं या फरकावरच उभं आहे. माणसाच्या ग्लुटाथायोन रिडक्टेजचा जो खाचा असतो तो पॉझिटिव्ह चार्जचा, कारण त्यात बसणारा ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन निगेटिव्ह असतो. परजीवीच्या एन्झाइमचा खाचा उलटा, निगेटिव्ह आणि रुंद आणि तेलकट भिंतीचा, कारण ट्रायपॅनोथायोन डायसल्फाइडवर स्पर्मिडिनमुळे पॉझिटिव्ह चार्ज येतो. म्हणून माणसाचं एन्झाइम परजीवीचा सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) घेत नाही आणि परजीवीचं माणसाचा घेत नाही, माझ्या त्या फिकट रांगेत हेच दिसत होतं. तत्त्वतः असं औषध करता येतं जे एकाला अडवेल आणि दुसऱ्याला हातही लावणार नाही. किटने हा फरक पुसून दोघांना एकाच पिवळ्या रंगात आणून बसवलं. ज्या गोष्टीसाठी आपण हे एन्झाइम निवडलं तीच गोष्ट असेमध्ये दिसत नसेल तर त्या असेवर निवडलेली संयुगं पुढे नेऊन करायचं काय?

काळ्या आजाराची गोष्ट बघा. युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचं औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या दशकात आणलं, त्यानंतर अँटिमनीची औषधं कितीतरी दशकं लोकांना दिली गेली, ट्रायपॅनोथायोनचं नावही कुणाला माहीत नसताना. नंतर कळलं की पाच व्हॅलन्सीचं अँटिमनी शरीरात तीन व्हॅलन्सीचं होतं आणि ते ट्रायपॅनोथायोन रिडक्टेजच्या खाच्यातल्या दोन सिस्टीनच्या मध्ये जाऊन बसतं. झोपेच्या आजारावरचं आर्सेनिकचं औषध मेलार्सोप्रॉल, तेही ट्रायपॅनोथायोनलाच जाऊन चिकटतं. त्याच आजारावरचं एफ्लोर्निथिन हे औषध ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज या एन्झाइमला अडवतं, त्याने स्पर्मिडिन कमी पडतं आणि स्पर्मिडिन नाही तर ट्रायपॅनोथायोनही नाही. तिन्ही औषधं वेगवेगळ्या मार्गांनी आली पण पोचली एकाच घराच्या दाराशी. माझा या एन्झाइमवरचा विश्वास इथूनच येतो.

पण विश्वास आंधळा नको. २००० साली ट्रायपॅनोसोमा ब्रुसीमध्ये हे एन्झाइम जीनच्या पातळीवर बंद करत नेलं तेव्हा परजीवीची वाढ थांबली आणि उंदरात तो आजार करू शकला नाही, पण कधी, तर ॲक्टिव्हिटी १० टक्क्यांच्या खाली गेल्यावर. म्हणजे औषधाने निम्मं एन्झाइम अडवून भागत नाही, ९० टक्क्यांच्या वर अडवायला लागतं आणि तेही चोवीस तास. त्यात तो खाचा इतका रुंद की छोटा रेणू आत गेला तरी टेकायला जागा सापडत नाही. म्हणून किटवर ५० टक्के इनहिबिशन दिसलं की नाचू नका, आम्ही नाचलो होतो.

इनहिबिटर तपासायला हे किट वापरणार असाल तर अजून तीन-चार ठिकाणी अडखळाल. माहितीपत्रकात एनएडीपीएच सगळ्यात शेवटी टाकून रिॲक्शन सुरू करायला सांगितलंय. पण सोनं, अँटिमनी, आर्सेनिक यांना एन्झाइम आधी रिड्यूस झालेलं लागतं, दोन सिस्टीनमधला बंध उघडला की मगच ते आत शिरतात. त्यामुळे एन्झाइम, एनएडीपीएच आणि संयुग आधी थोडा वेळ एकत्र ठेवा आणि मग डीटीएनबी टाका, नाहीतर चांगलं संयुगही निकामी दिसतं. आमच्या हातून एक अँटिमनीचा कंट्रोल असाच नापास झाला होता. ज्या संयुगांचा स्वतःचा रंग पिवळा आहे त्यांचा ब्लँक वेगळा ठेवा. प्रोटीन शुद्ध करताना डीटीटी हे रिड्यूस करणारं रसायन वापरलं असेल तर ते पूर्ण काढा, तेही डीटीएनबीला क्षणात पिवळं करतं. आणि मेथिलीन ब्ल्यूसारखी संयुगं वेगळीच, ती एन्झाइम अडवण्यापेक्षा त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि ऑक्सिजनला देतात, म्हणजे संरक्षण करणाऱ्या एन्झाइमकडूनच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून घेतात. मलेरियावर मेथिलीन ब्ल्यू पॉल एर्लिश आणि गुटमान यांनी १८९१ मध्ये दिलं होतं, आणि आज आपण ते ग्लुटाथायोन रिडक्टेजच्या नजरेतून बघतोय. अशा संयुगासाठी ३४० ला, डीटीएनबीशिवाय, एनएडीपीएच किती जातंय ते बघावंच लागतं.

मोजमापाची एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. सूत्रात १ सेंटिमीटरचा पाथलेंथ (प्रकाश द्रावातून जातो ते अंतर) गृहीत धरलाय, ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर भरलं तर उंची साधारण अर्धा सेंटिमीटरच्या थोडी वर होते. दुरुस्ती केली नाही तर ॲक्टिव्हिटी जवळजवळ निम्मी दिसते. हे तळटीपेत आहे, अगदी बारीक अक्षरात, ठळक असायला हवं होतं.

शिस्टोसोमावरचा अनुभव बराच बरा. या चपट्या कृमीत वेगळं थायोरेडॉक्सिन रिडक्टेज आणि वेगळं ग्लुटाथायोन रिडक्टेज नसतं, दोन्ही कामं थायोरेडॉक्सिन ग्लुटाथायोन रिडक्टेज हे एकच एन्झाइम करतं, आणि त्याच्या शेवटच्या टोकाला माणसाच्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेजसारखं सेलेनोसिस्टीन (गंधकाच्या जागी सेलेनियम असलेला सिस्टीन) असतं. म्हणून डीटीएनबी ते आनंदाने घेतं, रेष सरळ येते, कॉलममधून काढल्यावरही टिकते. फक्त दोन गोष्टी. कृमी उंदरातून काढलेले असतील तर नीट धुवा, यजमानाच्या रक्ताचा अंश राहिला तर त्याचं एन्झाइमही मोजलं जातं. आणि किट तुम्हाला त्या एन्झाइमचं अर्धंच काम दाखवतं, ग्लुटाथायोनची बाजू बघायला ३४० ला वेगळा असे लावावा लागतो, तिथे ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन जास्त झालं तर एन्झाइम सुरुवातीला थबकतं आणि मग वेग घेतं, तेव्हा पहिल्या दोन मिनिटांवरून निकाल लावू नका.

या एन्झाइमबद्दल मला जास्त आशा आहे असं म्हटलं तरी चालेल. शिस्टोसोमाच्या उपचारात प्राझिक्वांटेल या एकाच औषधावर सगळी भिस्त आहे आणि ते कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही. ऑरानोफिन हे संधिवाताचं सोन्याचं औषध, अमेरिकेत १९८५ मध्ये मंजूर झालेलं, ते २००७ मध्ये शिस्टोसोमाच्या उंदरांना दिलं तेव्हा कृमींची संख्या सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. २०१२ मध्ये अमिबावर, म्हणजे एंटामिबा हिस्टोलिटिकावर, लॅबमधल्या कल्चरमध्ये हेच औषध मेट्रोनिडाझोलपेक्षा १० पट प्रभावी दिसलं, तिथे निशाणा थायोरेडॉक्सिन रिडक्टेज मानला गेला. पण तेच मी वर म्हटलं, सोनं एका ठिकाणी थांबत नाही, त्यामुळे परजीवी मेला म्हणजे याच एन्झाइममुळे मेला असं लगेच लिहू नये. माणसातही थायोरेडॉक्सिन रिडक्टेज आहे, वृषणात तर थायोरेडॉक्सिन ग्लुटाथायोन रिडक्टेजही आहे, म्हणून कृमीचं एन्झाइम अडलं हे दाखवताना माणसाचं अडलं नाही हे त्याच प्लेटवर दाखवावं लागतं.

मलेरियाचं आम्ही यावर केलं नाही, एवढंच सांगते की मलेरियाच्या परजीवीकडे, प्लाझमोडियमकडे, स्वतःचं कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) नाही, तो हिमोग्लोबिन पचवताना बाहेर पडणाऱ्या हीमच्या गर्दीत राहतो, आणि त्याच्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेजच्या टोकाला सेलेनियम नाही, दोन साधे सिस्टीन आहेत. किटच्या आकड्यांवर लाल पेशीच्या एन्झाइमची सावली पडणार हे गृहीत धरा. आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज या दुसऱ्या अँटिऑक्सिडंट एन्झाइमचं किट वेगळं मिळतं, तिथेही हाच प्रकार, माणसात तांबं-जस्त आणि मँगनीजवालं एन्झाइम, या एकपेशीय परजीवींत मुख्यतः लोखंडवालं, तेव्हा किटमधला कंट्रोल कुठल्या धातूचा आहे ते विचारून घ्या.

कस्टमर सर्व्हिसबद्दल. मी सगळे ग्राफ जोडून मेल केला, उत्तर दोन दिवसांत आलं, ही चांगली गोष्ट. पण पहिल्या मेलमध्ये सॅम्पल अजून पातळ करा एवढंच. दुसऱ्यांदा लिहिलं की बाई, या जीवात हे एन्झाइमच नाही, पातळ करून काय होणार, तेव्हा त्यांच्या टेक्निकल माणसाने फोन केला, शांतपणे ऐकून घेतलं आणि कबूल केलं की त्यांनी हे फक्त सस्तन प्राण्यांच्या सॅम्पलवर तपासलंय. मग बॉक्सवर तसं लिहा ना! तीन आठवडे आमचे गेले, आमच्यापेक्षा लहान लॅबमध्ये एखाद्याचं अख्खं प्रोजेक्ट जाईल, आणि या आजारांवर आधीच किती कमी लोक काम करतात.

घ्यायचं का? शिस्टोसोमा, यकृतातला फॅसिओला असल्या चपट्या कृमींसाठी घ्या, वर सांगितलेली काळजी घेऊन. लिशमॅनिया किंवा ट्रायपॅनोसोमासाठी किट म्हणून घेऊ नका, त्यापेक्षा डीटीएनबी, एनएडीपीएच आणि थोडं ट्रायपॅनोथायोन डायसल्फाइड सुटं घ्या. ट्रायपॅनोथायोन महाग आहे म्हणून लोक टाळतात, पण या जोडअसेमध्ये डीटीएनबी त्याला परत परत ऑक्सिडाइज करतं त्यामुळे अगदी थोडंसं पुरतं, हा मोठा फायदा आहे. शिकाऊ मुलांना मात्र एकदा हे किट वापरायला द्याच, कॉलमच्या आधी आणि नंतर अशा दोन प्लेट लावून.

आमच्याकडे किटच्या डीटीएनबीच्या दोन बाटल्या उरल्यात, त्या आता नवीन असेला वापरतोय. त्या ज्युनियर मुलीने सगळी संयुगं पहिल्यापासून तपासायला घेतलीत, या वेळी वरच्या चार रांगांत परजीवीचं एन्झाइम ट्रायपॅनोथायोनबरोबर आणि खालच्या चार रांगांत माणसाचं ग्लुटाथायोन रिडक्टेज. आधी पास झालेल्यांपैकी बरीच गळाली. दोन राहिलीत, वरच्या रांगेत फिकट आणि खालच्या रांगेत पिवळी. त्यांचं मॅक्रोफेजमधल्या (शरीराच्या संरक्षक पेशींमधल्या) परजीवींवर काय होतं ते कळलं की इथेच खाली लिहीन.